वाट कुणाची, वाणी कुणाची

पाऊस ओसरला की मावशी आणि मी वर्षातून एकदा कान्हेरीला जातो. बोरिवलीच्या नॅशनल पार्कातली बस वर सोडते, पुढे पायऱ्या. तिचे गुडघे धरतात, म्हणून तिसऱ्या क्रमांकाच्या चैत्यापाशीच बसायचं, डबा उघडायचा आणि वाद घालायचा, असा आमचा शिरस्ता. तिने पस्तीस वर्षं कॉलेजात पाली शिकवली. मी न्हावाशेव्याला क्लिअरिंग एजंट आहे. बोटीतून उतरलेला माल कागदपत्रं करून सोडवायचा, हे माझं पोट. त्यामुळे एकाच दगडाकडे बघून आम्हाला दोन वेगळ्या गोष्टी दिसतात. यंदाचा वाद बौद्ध धम्म आशियाभर पसरला कसा, यावरून पेटला. घरी आल्यावरही तो डोक्यातून जाईना, म्हणून लिहून काढतो आहे.

सुरुवात माझीच. "मावशी, हे चैत्यगृह दोन व्यापारी भावांनी करवलं, हे तूच मला इथल्या लेखावरून सांगितलंस. कल्याणच्या सोनाराने पाण्याचं टाकं दिलं..."

"पोढी म्हण. लेखात पोढी आहे. आणि लेण्याला 'लेण'च म्हटलंय. दोन हजार वर्षांत आपण त्या शब्दाला फक्त एक अनुस्वार दिला."

"बरं, पोढी. पण देणारे बघ ना! सोनार, लोहार, सावकार, जहाजवाले. चौल, सोपारा, कल्याण ही बंदरं. नाणेघाट, बोरघाट या चढणी. आणि चढणीच्या आसपास कार्ले, भाजे, जुन्नर. नकाशावर बंदरापासून पैठणपर्यंत रेघ ओढली की लेणी आपोआप त्या रेघेवर येतात. माल चालला तिकडे धम्म चालला, एवढं साधं आहे. बुद्धाला बोधी झाल्यावर पहिलं अन्न कुणी दिलं? तपुस्स आणि भल्लिक. गाड्या हाकत निघालेले व्यापारी. तेव्हा संघ जन्मायचाच होता, म्हणून बिचाऱ्यांनी दोनच शरणं घेतली, बुद्धाला आणि धम्माला. भिक्खूंच्याही आधी व्यापारी!"

मावशी पोळीचा तुकडा मोडत ऐकत होती. माझ्याकडे तर अजून हुकमाचं पान होतं. नाशिकच्या लेण्यांत उषवदाताचा लेख आहे. नहपान क्षत्रपाचा जावई. त्याने तीन हजार कार्षापण नाणी विणकरांच्या दोन श्रेणींकडे कायमची ठेव म्हणून ठेवले. दोन हजार दरमहा शेकडा एक दराने, उरलेले हजार पाऊण टक्क्याने. मूळ रक्कम कधी काढायची नाही, फक्त व्याज वापरायचं. याला म्हणायचे अक्षयनीवी.

"आता हिशोब कर," मी म्हटलं. "दोन हजारांवर महिन्याला वीस, वर्षाला दोनशे चाळीस. लेख सांगतो की त्यातून लेण्यातल्या वीस भिक्खूंना चीवरासाठी प्रत्येकी बारा कार्षापण द्यायचे. वीस गुणिले बारा किती? दोनशे चाळीस! एक कवडी इकडची तिकडे नाही. धम्म ध्यानावर चालला म्हणतेस, मला तर तो व्याजावर चाललेला दिसतो."

हा हिशोब मी पहिल्यांदा मांडला त्या रात्री मला झोप लागली नव्हती. एवढ्या जुन्या माणसाचं खातं आजही जुळतं, याचा आनंद माझ्या धंद्यातल्या माणसालाच कळेल.

मावशी म्हणाली, "हिशोब खरा आहे. मी तो कधी नाकारला नाही. पण मला एक सांग. सोपाऱ्याचा, कल्याणचा माल पश्चिमेला जायचा ना? मिरी, मलमल, हस्तिदंत?"

"जायचाच. रोमचं सोनं तिकडून इकडे येत होतं."

"कार्ल्याच्या खांबांवर धेनुकाकटाच्या यवनांची नावं आहेत. त्यांनी स्वखर्चाने खांब दिले. अशोकाने तर तेराव्या शिलालेखात पाच ग्रीक राजांची नावं कोरली. सीरियाचा अंतियोक, मिसरचा तुरमाय, मका, अंतिकिनी, अलिकसुदर. म्हणजे वाट होती, जहाजं होती, राजाचे दूत होते, दानशूर यवनसुद्धा होते. मग अलेक्झांड्रियात संघ का उभा राहिला नाही? रोममध्ये एक विहार का नाही? तुझ्या हिशोबाने चीनच्या आधी तिकडे धम्म पोचायला हवा होता. समुद्र जवळ, वारा ठरलेला, गिऱ्हाईक श्रीमंत."

मी जरा थबकलो, पण सोडलं नाही. "पोचला होता! तांबड्या समुद्रावरच्या बेरेनिके बंदरात संगमरवरी बुद्धमूर्ती निघाली आहे. इसिस देवीच्या देवळात. २०२३ मध्ये जाहीर झालं."

"मूर्ती पोचली," ती म्हणाली. "तेच तर सांगते आहे. तुझ्या वाटेने मूर्ती पोचते. देवळात एका कोपऱ्यात उभी राहते. पण मूर्तीला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर त्या गावच्या भाषेत द्यायला माणूस लागतो. तो तिकडे गेला नाही, किंवा गेला तरी बसला नाही. ग्रीक भाषेत त्रिपिटक कधी झालंच नाही."

"कंदाहार?" मी विचारलं. हे मी वाचून आलो होतो. १९५८ मध्ये कंदाहारला अशोकाचा लेख सापडला, ग्रीक आणि अरामाइक अशा दोन भाषांत. त्यात धम्माला ग्रीक प्रतिशब्द आहे, 'युसेबिया', म्हणजे देवादिकांविषयी, थोरांविषयी आदर. "राजाने भाषांतर करवलं होतं, मावशी. तरी ते रुजलं नाही. तुझा सिद्धांतही तिथेच पडतो."

ती थोडा वेळ गप्प राहिली. हे मला तिचं आवडतं. मुद्दा लागला की लागला म्हणते. "एका शिळेवरचं एक भाषांतर पुरत नाही," ती म्हणाली. "पिढ्यानपिढ्या बसावं लागतं. चिनात किती बसले बघ."

मग ती चीनबद्दल बोलत राहिली आणि मी डबा विसरलो.

इसवी सन १४८ मध्ये लोयांगला एक पार्थियन आला, आन शिकाओ. राजघराण्यातला, असं म्हणतात. त्याच्यामागून कुषाणांच्या मुलखातला लोकक्षेम आला. प्रज्ञापारमितेचं पहिलं चिनी रूप त्याचं. दोघांपैकी एकही मगधातला नव्हता. चिनी माणसाला बोधी म्हणजे काय ते कसं सांगायचं? सुरुवातीच्या भाषांतरकारांनी ताओ पंथाची घरातली भांडी वापरली. बोधीला 'ताओ' म्हटलं, निर्वाणाला 'वू-वेइ'. लोकांना वाटलं, हे तर आपलंच आहे. कळलं खरं, पण चुकीचं कळलं. अडीचशे वर्षं हा घोळ चालला.

"आणि मग कुमारजीव," मावशी म्हणाली. तिच्या आवाजात जो बदल झाला तो मला लहानपणापासून ओळखीचा आहे. घरात एखाद्या थोरल्या माणसाचं नाव निघावं तसा. "बाप भारतातला, आई कुचाची राजकन्या. कुचा म्हणजे तकलामकान वाळवंटाच्या उत्तर कडेवरचं राज्य. आई भिक्खुणी झाली आणि पोराला घेऊन काश्मीरला शिकायला आली. आईने पोराचा हात धरून पामीर ओलांडला, हे विसरू नकोस. पोरगा पुढे इतका नावाजला की चीनच्या राजाने त्याच्यासाठी सैन्य धाडलं. ३८४ मध्ये सेनापती लू गुआंगने कुचा जिंकलं आणि कुमारजीवाला उचललं."

"बघ! सैन्य. राजाची जबरदस्ती. कुमारजीव म्हणजे लुटीतला माल झाला."

"झाला. आणि त्या लुटीचं त्या सेनापतीला काय कौतुक? त्याला धम्माशी देणंघेणं नव्हतं. वाटेत मूळचं राज्य बुडालं, म्हणून तो लियांगजोला स्वतःच राजा होऊन बसला आणि याला सतरा वर्षं तिथे अडकवून ठेवलं. सतरा वर्षं, अरे! ज्या माणसाला सगळं महायान मुखोद्गत होतं, त्याला काही काम नव्हतं. त्या वर्षांत तो काय शिकला असेल? चिनी. पुस्तकातली नव्हे, पहारेकऱ्याची, बाजारातली, बायकापोरांची चिनी. ४०१ मध्ये चांगआनला आला तेव्हा त्याच्या तोंडात ती भाषा होती. शेकडो भिक्खूंच्या सभेत तो हातात मूळ पोथी धरून तोंडी चिनीत अर्थ सांगायचा, मग वाद व्हायचा, जुनी भाषांतरं काढून ताडून बघायची आणि मग लेखणी टेकायची. सद्धर्मपुंडरीक, वज्रच्छेदिका, विमलकीर्ती, अमिताभाचं छोटं सूत्र. चीन, कोरिया, जपानमधले लोक आजही यातली बरीचशी त्याच्याच शब्दांत म्हणतात. सोळाशे वर्षं झाली."

ती पुढे म्हणाली, "त्याला स्वतःला मात्र समाधान नव्हतं. संस्कृताचं चिनी करणं म्हणजे दुसऱ्याला आपण चावलेला घास भरवणं, चव जातेच, वर मळमळही होते, असं तो म्हणत असे."

मला वाटतं, या माणसाच्या बाबतीत माझ्याकडे उत्तर नाही. वाट त्याला चांगआनपर्यंत घेऊन गेली, एवढं मी म्हणू शकतो. पण वाटेने शेकडो माणसं गेली आणि त्यांतला एक कुमारजीव झाला, हे वाटेवरून समजत नाही.

तरीही मी चिनी भिक्खू फाहियान काढला, कारण तो माझ्या बाजूचा आहे, अशी माझी समजूत होती. ३९९ मध्ये तो चांगआनहून पायी निघाला तेव्हा साठीच्या घरात होता. विनयाच्या, म्हणजे संघाच्या नियमांच्या पोथ्या चिनात अपुऱ्या होत्या, त्या आणायच्या म्हणून हा म्हातारा वाळवंटातून आला. परतताना लंकेहून व्यापारी जहाजात बसला. दोनशेहून अधिक माणसं. वादळ उठलं, जहाजाला भोक पडलं, व्यापारी जड माल समुद्रात टाकू लागले. फाहियानने आपला पाण्याचा घडा टाकला, भांडं टाकलं आणि पोथ्या छातीशी धरून बसला. आता हे लोक या पोथ्याही फेकतील, या भीतीने. पुढच्या जहाजात तर, या श्रमणामुळेच वादळ आलंय, याला एखाद्या बेटावर उतरवून देऊ, असं सहप्रवाशांनी ठरवलं. एका दात्याने दम दिला, की याला उतरवाल तर मलाही उतरवा, नाहीतर किनाऱ्यावर पोचताच राजाकडे तक्रार करीन. म्हणून तो वाचला.

"तो दाता कोण असणार? जहाजातला व्यापारीच!" मी म्हटलं. "तो नसता तर विनय बुडाला असता."

"आणि बुडवणार कोण होते?" मावशीने शांतपणे विचारलं. "तेही तुझेच."

यावर मी हसलो नाही. माझ्या धंद्यात जहाज संकटात आलं की माल फेकतात आणि नुकसान सगळ्यांत वाटून घेतात. तो कायदा फार जुना आहे. पण कुणाच्या मालाला किंमत नाही हे आधी ठरतं, आणि पोथीला किंमत नसते. फाहियानची ती गोष्ट मी जेव्हा जेव्हा आठवतो तेव्हा मला जहाजापेक्षा त्याचे हातच दिसतात.

लंकेतली त्याची आणखी एक गोष्ट मावशीने सांगितली. अनुराधपूरला जेडच्या बुद्धमूर्तीपुढे कुणी तरी चिनातला पांढऱ्या रेशमाचा पंखा वाहिला होता. घर सोडून इतकी वर्षं झालेली, सोबतचे कुणी मेले, कुणी मागे राहिले. तो पंखा बघून त्याचे डोळे भरून आले. "पंखा तुझ्या वाटेने आला," ती म्हणाली. "एवढं मी देते तुला."

मग भिक्खुणींचं निघालं आणि तिथे आम्ही दोघेही एकाच वेळी जिंकलो. पाचव्या शतकात चिनात बायका प्रव्रज्या घेत होत्या, पण त्यांना रीतसर उपसंपदा, म्हणजे पूर्ण दीक्षा द्यायला भिक्खुणीसंघच नव्हता. ४२९ मध्ये नंदी नावाच्या जहाजमालकाने लंकेहून काही भिक्खुणी आणल्या. संख्या पुरी पडेना म्हणून ४३३ मध्ये त्यानेच आणखी आणल्या. त्यांच्यासमोर तीनशेहून अधिक चिनी बायकांनी उपसंपदा घेतली. पुढे लंकेत भिक्खुणीसंघ अकराव्या शतकाच्या सुमारास तुटला. चिनात, कोरियात चालू राहिला. आणि १९९६ पासून सारनाथला, बोधगयेला लंकेच्या बायकांनी पुन्हा उपसंपदा घेतली, ती याच पूर्वेकडच्या परंपरेच्या साक्षीने. पंधराशे वर्षांनी ठेव परत आली.

"अक्षयनीवी," मी म्हटलं.

"नंदीचं नाव चिनी ग्रंथाने जपलं, हे मला फार आवडतं," मावशी म्हणाली. "भिक्खुणींच्या चरित्रात जहाजमालकाचं नाव. म्हणजे त्या बायकांना ऋण माहीत होतं."

ऊन चैत्याच्या पायरीवर आलं होतं. शाळेची सहल आली, मुलं आत जाऊन ओरडून प्रतिध्वनी ऐकू लागली. आम्ही जरा सरकून बसलो आणि मी माझ्या मते सगळ्यात जड मुद्दा काढला.

"मावशी, पैशाने आलेलं पैशाने जातं. ८४५ मध्ये थांग सम्राट वू-त्सुंगने काय केलं? चार हजार सहाशे मठ मोडले, दोन लाख साठ हजार पाचशे भिक्खू-भिक्खुणींना संसारात ढकललं, करपात्र केलं. घंटा आणि मूर्ती वितळवून नाणी पाडली. कारण मठ श्रीमंत झाले होते. जमिनी, गुलाम, व्याजबट्टा. उषवदाताची अक्षयनीवी तिथे मठांची पेढी झाली होती. राजाच्या तिजोरीला तांबं हवं होतं आणि तांबं बुद्धाच्या अंगावर होतं. इथे भाषांतराने काय वाचवलं?"

"जे मठात होतं ते गेलं. जे लोकांच्या तोंडात होतं ते राहिलं," ती म्हणाली. "मोठमोठे पंथ, ज्यांना ग्रंथालयं आणि आचार्य लागत, ते त्या घावातून पुरते सावरले नाहीत. उरले कोण? ध्यान करणारे चान, शेतात कुदळ घेऊन राबणारे. आणि अमिताभाचं नाव घेणारे. नाव घ्यायला मठ लागत नाही. चूल पेटवताना बाई ते घेऊ शकते."

"मग खोतान?" मी सोडणार नव्हतो. "खोतानी भाषेत भाषांतरं झाली. कुमारजीवाच्या कुचाच्या भाषेत झाली. सोग्दीत, उइगुरात झाली. तुझ्या म्हणण्याप्रमाणे ती सगळी माणसं आज बौद्ध असायला हवीत."

या प्रश्नावर मावशी बराच वेळ ओढ्याकडे बघत राहिली. "त्या भाषाच गेल्या," ती शेवटी म्हणाली. "सोग्दी व्यापाऱ्यांनी चिनापर्यंत रस्ता बांधला आणि आता त्यांची भाषा एका डोंगरदरीत त्यांच्या वंशजांच्या तोंडी तेवढी उरली आहे. कुचाची भाषा तर पूर्ण मेली. विसाव्या शतकात वाळूतून निघालेल्या पानांवरून लोकांनी ती पुन्हा वाचली. याला माझ्याकडे उत्तर नाही. राज्य बदललं, बाजार हलला, धर्म बदलला. पण त्या पानांवर काय होतं, ते ऐक. बुद्धवचन होतं. वाळूने ते राखलं."

तिचा हा प्रामाणिकपणा माझ्या मुद्द्याला पुरेसा होता, पण मला जिंकल्यासारखं वाटलं नाही.

मी विषय फिरवला, की विषयाने मला फिरवलं, कोण जाणे. "ठीक आहे, शब्दाने धम्म नेला. पण नेताना मालाचं सील तुटलं की नाही? ध्यानाचं चान झालं, चानचं झेन. पुरुष अवलोकितेश्वर चिनात बाई झाला, ग्वानयिन. आपली सरस्वती जपानात बेन्झाइतेन होऊन वीणेऐवजी बिवा वाजवते. चिनी लोक म्हणाले, आईबापांनी दिलेले केस कापता, वंश बुडवता, हा कसला धर्म? तर बुद्धशिष्य मोग्गल्लानाने प्रेतलोकातून आईला सोडवल्याची कथा पुढे झाली आणि पितरांचा सण सुरू झाला. जपानचा ओबोन तोच. माझ्याकडे असं सामान आलं असतं तर मी लिहिलं असतं, निघालेला माल आणि पोचलेला माल एक नाही."

"तिबेटात बघ," ती म्हणाली. "त्यांनी तुझ्यासारखाच विचार केला. नवव्या शतकात राजाने पंडित आणि लोचावा, म्हणजे तिबेटी भाषांतरकार, एकत्र बसवले आणि नऊ हजारांहून जास्त संस्कृत शब्दांना ठरीव तिबेटी शब्द नेमून दिले. महाव्युत्पत्ती. यापुढे ज्याला वाटेल तसं भाषांतर करायचं नाही. ते इतकं काटेकोर झालं, की मूळ संस्कृत हरवलेला ग्रंथ आज तिबेटीवरून अंदाजाने परत उभा करता येतो. ते झालं तुझं सील. आणि कुमारजीवाने काय केलं? पाल्हाळ कापला, चिनी कानाला गोड वाटेल अशी लय बांधली. विद्वान तिबेटी प्रत मागतात, लोक कुमारजीव म्हणतात. दोन्ही लागतात."

"म्हणजे बदललं तरी चालेल?"

"मला वाटतं बुद्धाला चालत असे. विनयात गोष्ट आहे. ब्राह्मण कुळातले दोन भाऊ भिक्खू झाले. त्यांना वाईट वाटे, की नाना जातीचे, नाना गोत्रांचे लोक बुद्धवचन आपापल्या बोलीत बोलून बिघडवतात. ते म्हणाले, आपण ते छंदात, वेदाच्या भाषेत बसवू या. बुद्धाने त्यांना खडसावलं आणि आपापल्या बोलीत शिकायची मुभा दिली."

"पण बुद्धघोष म्हणतो, आपली बोली म्हणजे बुद्धाची स्वतःची, मागधी."

ती चमकलीच. "वाचलंस?"

"तूच दिलेलं पुस्तक."

"हो, बुद्धघोष तसं म्हणतो. लंकेत बसून पाली सांभाळणाऱ्या माणसाला तसंच वाटणार. आणि त्याने पाली सांभाळली म्हणून मी पस्तीस वर्षं पगार खाल्ला, तेव्हा त्याच्याशी मी भांडणार नाही. पण मला तो अर्थ पटत नाही."

मग मी विचारायला नको होतं ते विचारलं. "इथे तर सगळं होतं ना? वाटही इथली, वाणीही इथली. भाषांतर करायचीसुद्धा गरज नव्हती. मग इथेच का संपलं?"

तिने मला नालंद्याची गोष्ट सांगितली. १२३५ च्या सुमारास धर्मस्वामी नावाचा तिबेटी भिक्खू तिथे आला. महाविहार जळून, मोडून झाला होता. दोन विहार जेमतेम वापरात. नव्वदी ओलांडलेले राहुलश्रीभद्र सत्तरएक विद्यार्थ्यांना व्याकरण शिकवत होते. पुन्हा सैनिक येत असल्याची वार्ता आली, सगळे पळाले. गुरू म्हणाले, मी आता कुठे जाणार? तर या परक्या शिष्याने त्यांना पाठीवर घेतलं आणि जवळच्या देवळात लपवलं. सैनिक आले, गेले. मग दोघे परत आले आणि उरलेला पाठ पुरा केला.

"व्याकरणाचा पाठ," मावशी म्हणाली. "तू मला कारणं विचारशील तर दहा सांगेन. राजाश्रय गेला, घाटातले व्यापारी फिरले, विहार गावापासून तुटले, तलवार आली. तुझी कारणं यांत जास्त आहेत, हे मी मानते. पण एक मनाला लागतं. इथले आचार्य शेवटी शेवटी फार मोठे झाले आणि फार थोड्यांशी बोलू लागले. महाविहारात दहा हजार शिकत असतील, पण विहाराबाहेर शेतात उभ्या असलेल्या माणसाच्या बोलीत किती उतरत होतं? ज्ञानेश्वर मराठीत बोलले तेव्हा बौद्धांकडून मराठीत बोलायला कुणी उरलं नव्हतं."

हे तिचं म्हणणं कितपत टिकेल, मला सांगता येत नाही. कान्हेरीत नवव्या शतकातही, राष्ट्रकूट अमोघवर्षाच्या काळात, दूर गौड देशाहून आलेल्या माणसाने शंभर द्रम्मांची ठेव ठेवल्याचा लेख आहे. म्हणजे इथला दिवा फार उशिरापर्यंत जळत होता. पण शेतातल्या माणसाच्या बोलीचा तिचा मुद्दा मला विसरता येत नाही, आणि त्याचं कारण आमच्या घरात आहे.

माझे आजोबा, म्हणजे तिचे वडील, अकोल्याजवळच्या खेड्यात शेतमजूर होते. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला बाबासाहेबांनी दीक्षा घेतली तेव्हा ते त्या लाखोंच्या गर्दीत होते. पांढरं धोतर उसनं आणलेलं.

"तिथे धम्म कोणत्या वाटेने आला, सांग," मावशी म्हणाली. "तुझ्या हिशोबाने सांग."

मी सांगून पाहिलं. बाबासाहेबांना त्रिशरण दिलं महास्थविर चंद्रमणींनी. ते जन्माने ब्रह्मदेशातले, कुशीनगरला राहत. ब्रह्मदेशाने पाली परंपरा लंकेकडून घेतली. लंकेत उपसंपदेची साखळी तुटली तेव्हा अकराव्या शतकात ब्रह्मदेशाने ती परत जोडली, पुन्हा तुटली तेव्हा १७५३ मध्ये सयामच्या उपाली थेरांनी जोडली. लंकेला धम्म महिंदाने नेला, इथूनच. आणि मराठीपुरतं बोलायचं तर गोव्याच्या धर्मानंद कोसंबींनी एका मराठी मासिकात बुद्धाचं चरित्र वाचलं, घर सोडलं, नेपाळात शोधलं, बोधगयेत शोधलं आणि शेवटी १९०२ मध्ये लंकेला गेले, कारण पाली शिकवणारा गुरू या देशात मिळेना. बुद्धाच्या देशातल्या माणसाने पाली शिकली ती सिंहली लिपीतून.

"म्हणजे फिरून आला," मी म्हटलं. "सगळा समुद्र फिरून."

"त्रिशरण-पंचशील पालीत झालं. ते चंद्रमणींनी दिलं. ती झाली तुझ्या म्हणण्याप्रमाणे सीलबंद पेटी, लंका-ब्रह्मदेशाने जशीच्या तशी राखलेली. आणि नंतर बाबासाहेबांनी बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्या मराठीत. त्या कुठल्या पिटकात नव्हत्या. लंकेच्या थेराला विचारलंस तर तो म्हणेल, हा माल आमच्याकडून निघाला नव्हता. मग तुझ्या आजोबांचा धम्म खोटा?"

मी काही बोललो नाही. समोरच्या खांबावरची अक्षरं उन्हात उठून दिसत होती.

खाली उतरताना तिने माझा हात धरला होता. एका पोढीपाशी ती थांबली आणि तिथल्या लेखाच्या शेवटी बोट ठेवून मला वाचायला लावलं. दे, य, ध, म. देयधम, द्यायचं दान. ब्राह्मीतली चार अक्षरं, ती मला आता येतात.

बसमध्ये बसल्यावर तिला आठवलं. आजोबा दीक्षेनंतर रात्रशाळेत अक्षरं शिकले आणि त्यांनी वहीत त्रिशरण आणि बावीस प्रतिज्ञा स्वतःच्या हाताने उतरवल्या. ती वही तिच्याकडे आहे. वऱ्हाडी जिभेला ण येत नाही, म्हणून त्यांनी सगळीकडे 'सरनं' लिहिलंय. मावशी पालीत एम.ए. झाली तेव्हा ते होते. त्यांनी मोठ्या हौसेने वही तिच्यापुढे ठेवली आणि म्हणाले, बघ बाई, काही चुकलं असलं तर नीट कर.

"केलंस?" मी विचारलं.

"त्यांनीच पेन काढून दिलं हातात," ती म्हणाली. "मी सगळी वही वाचली. आणि पेन त्यांच्या खिशाला परत लावलं."